डिंक्याची पट्टी

"बल्ब किती वॅटचा देऊ, बाई?" दुकानदारानं विचारलं, आणि वॅट मागच्या बाजूला लिहिलाय का ते बघायला मी यादी उलटी केली. एवढंच झालं. पुढच्या बाजूला साबण, मीठ, काळा दोरा, बल्ब, असं माझ्या भावाच्या बारीक अक्षरात लिहिलेलं, आणि मागच्या बाजूला गुलाबी चौकटी आणि त्यांच्यावरून धावणारी काळी रेघ. आमच्या घरातल्या सगळ्या याद्या अशाच कागदावर असतात. मी दवाखान्यात ईसीजी काढते, बावीस वर्षं झाली. कापून उरलेले पट्टीचे तुकडे एप्रनच्या खिशात साठतात, खिशातून घरी येतात, आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर आमचं मीठ-साबण लिहिलं जातं. त्या रेघेकडे मी घरी कधी बघत नाही. हलवाई घरी गोड खात नाही म्हणतात, तसलाच प्रकार. पण त्या शनिवारी सकाळी, साडेनऊच्या सुमाराला, मागे चारपाच गिऱ्हाइकं खोळंबलेली असताना मी बघितलं. आधी लहानशी टेकडी, मग उंच सुळका, मग उतार. टेकडी, सुळका, उतार. टेकडी, सुळका, उतार. टेकडी. आणि तिच्यापुढे काहीच नाही, नुसती सरळ रेघ, थेट पुढच्या टेकडीपर्यंत. मास्तर, म्हणजे ज्यांनी मला हे काम शिकवलं ते, सांगायचे की टेकडी म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यानं मारलेली हाक आणि सुळका म्हणजे खालच्या कप्प्यानं दिलेली ओ. इथे हाक मारली होती आणि कुणी ओ दिली नव्हती. "बाई, वॅट," दुकानदार म्हणाला. मी म्हटलं, "द्या कुठलाही." त्यानं कुठला दिला ते मला आजही माहीत नाही.

बाहेर येऊन मी पायरीवर बसले. माझ्यासारखी बाई भर बाजारात दुकानाच्या पायरीवर बसलेली बघून एक जण थांबला, मग गेला. मी स्वतःची समजूत घालत होते. दिवसाला तीस माणसं माझ्या टेबलावर झोपतात. तुकड्याला नाव नसतं, नाव असतं कार्डावर. हा तुकडा कुणाचाही असेल, कुठल्या तरी आजोबांचा असेल, आणि ते आजोबा आत्ता या क्षणी नातवावर खेकसत असतील. पण रेघ केसाळ होती. रेघेला बारीक बारीक लव फुटलेली होती, आणि ती लव स्नायूंची असते, स्नायू सैल पडले नाहीत की ती येते. थंडीनं कुडकुडणाऱ्या माणसाचीही येते, घाबरलेल्याचीही येते. आणि डिंक्याची नेहमीच येते. डिंक्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. हे नाव त्याला गल्लीतल्या पोरांनी ठेवलं, कारण लपंडावात राज्य घेऊन त्यानं कुणाचा सदरा धरला की तो सुटायचा नाही. पोरं म्हणायची, अरे झालं, आउट झालो, सोड आता. हा सोडायचा नाही. सोडायचाच नाही असं नाही, त्याला सोडता यायचं नाही, पण हे कळायला आम्हाला पंचवीस वर्षं लागली. तोवर मीही त्याच्या पाठीत धपाटे घातले आहेत. सोड रे मेल्या, सोड. मग हळूहळू एकेक बोट उघडायचं, आणि तो माझ्याकडे असा बघायचा की बोटं दुसऱ्याच कुणाची तरी आहेत.

घर दुकानापासून दोन गल्ल्या पलीकडे. मी घरी कशी आले ते आठवत नाही. जिना चढताना मात्र कठड्याला धरलेला हात मी तीन वेळा उघडून बघितला. ती सवय मला आहे. मज्जातंतूंच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आईला होतं, भावाला आहे, तुम्हाला असण्याची शक्यता निम्मी. तपासून घ्या. मी म्हटलं, घेते. चार वर्षं मी घेते आहे. रोज सकाळी दूध तापेपर्यंत मूठ मिटते आणि उघडते, पटकन उघडली की म्हणते, चला, आजचा दिवस गेला. डॉक्टर लोकांना ही तपासणी ऐकवली तर हसतील. कपाटात, कपड्यांच्या खाली, डिंक्याची फाइल होती. तिच्यात तीन ईसीजी कार्डं, तिन्ही मी काढलेली, मी कापलेली, मी चिकटवलेली. आमचं मशीन जुनं आहे. नव्या मशीनसारखा त्यातून पूर्ण कागद बाहेर येत नाही, एक लांब पट्टी येते. ती बारा ठिकाणी कापायची आणि बारा तुकडे कार्डावर चौकटीत चिकटवायचे. कुठून कापायचं ते आपलं आपण ठरवायचं. तिसऱ्या कार्डावर, सहा आठवड्यांपूर्वीच्या, दुसऱ्या ओळीतला तुकडा शेवटच्या सुळक्यापाशी संपत होता. सुळका चढताना दिसत होता, उतरताना दिसत नव्हता. मी यादी त्याला लावली. यादीच्या कडेला सुळका उतरत होता. अर्धा सुळका कार्डावर, अर्धा यादीवर. माझ्या कात्रीचं टोक वाकलेलं आहे, कापताना शेवटी एक बारीक दात पडतो; यादीचा तो दातही कार्डावरच्या तुकड्याच्या खाचेत बसला. मी पलंगावर बसून राहिले आणि हातात फाइल धरून मोठ्यांदा म्हटलं, "अगं बाई." घरात ऐकायला कुणी नव्हतं.

मास्तर वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला शिकवलं की डॉक्टरला स्वच्छ पट्टी द्यायची. त्याला दिवसात शंभर कार्डं बघायची असतात, त्याच्यापुढे कचरा टाकायचा नाही. थरथर कापून टाक, पेशंट खोकला तिथलं कापून टाक, मनगटाचा चिमटा हलला तिथलं कापून टाक, उरेल ते चिकटव. ते असंही म्हणायचे की आपण वाचायचं नाही, आपण न्हाव्यासारखे, कापायचं आणि झटकायचं. पुढे माझा भाऊच न्हावी झाला तेव्हा ते खूप हसले होते. आणि मी कापण्यात हुशार निघाले. माझी कार्डं बघून मोठे डॉक्टर म्हणायचे, या बाईंच्या हातचा ईसीजी म्हणजे छापील पुस्तक. त्या स्तुतीवर मी बावीस वर्षं जगले. नोकरीत दुसरं काही मिळालं नाही, पण कौतुक मिळालं. आता पलंगावर बसून मी आठवत होते की सहा आठवड्यांपूर्वी काय झालं होतं. दुपारची जेवणाची सुट्टी. डिंक्या टेबलावर आडवा, मनगटांना चिमटे, छातीवर रबरी फुगे. तो सांगत होता की मालकानं त्याला पहिली खुर्ची दिली, खिडकीजवळची, नेहमीच्या गिऱ्हाइकांची. मी म्हणत होते, बोलू नकोस, पट्टी खराब होते. तो म्हणाला, "ताई, हेडमास्तर आले होते, त्यांच्या कानामागे वस्तरा असा फिरवला, असा," आणि त्यानं हात हलवला, आणि आम्ही दोघं हसलो. रेघ हलली. आणि त्या हलण्याच्या जरा पुढे ती रिकामी जागा होती. चिमटा निसटला तर रेघ अशी होत नाही. चिमटा निसटला तर रेघ वेडीवाकडी पळते, टेकडीही राहत नाही. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. मग मी बघितलं होतं का? बघितलं होतं. डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं होतं, आणि डोळा पुढे जायच्या आत कात्री पुढे गेली. तो हसत होता, म्हणून. पहिली खुर्ची मिळाली होती, म्हणून. थरथरीच्या नावाखाली मी ती जागा कापली आणि खिशात टाकली. कार्ड घेऊन तो डॉक्टरांकडे गेला, आणि डॉक्टर म्हणाले, टेकडी-सुळक्यामधलं अंतर थोडं वाढलंय, पण चालेल, गोळी तेवढीच ठेवू.

गोळी फिटची आहे. डिंक्याला फिट कधी आली नाही. तोच पहिल्यांदा म्हणाला होता, "डॉक्टर, मी काही झटके देत नाही हो, नुसता चिकटतो." मज्जातंतूंच्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत त्याच्याशी हात मिळवला होता आणि त्यांचाच हात अडकला होता, पाचसहा सेकंद दोघंही एकमेकांकडे बघत होते. मग डॉक्टर म्हणाले की मला आजार कळला. स्नायू आवळला की त्याच्यातली वीज लवकर शांत होत नाही, म्हणून तो सुटत नाही. फिटच्या गोळीनं मेंदूतली ठिणगी शांत होते, तीच गोळी स्नायूंतलीही शांत करते. त्यांनी सरळ सांगितलं होतं, लपवलं नव्हतं, की हृदयसुद्धा विजेवर चालतं, आणि या आजारात त्या विजेची वाट आधीच खराब झालेली असते. त्यावर ही गोळी म्हणजे जपून. दर वेळी ईसीजी काढा, मला दाखवा, ठोका चुकला तर गोळी त्याच दिवशी बंद. मी म्हटलं होतं, "त्याची काळजी नको, ईसीजी तर घरचाच आहे." केवढ्या ऐटीत म्हटलं होतं. घरचा वैद्य आणि मरणाची हमी, असं आई म्हणायची, तेव्हा ते विनोदानं असायचं. गोळीनं मात्र कमाल केली. तिसऱ्या आठवड्यात डिंक्या सकाळी स्वयंपाकघरात आला, डब्याचं झाकण धरलं, उघडलं आणि सोडलं. परत धरलं, सोडलं. वीसेक वेळा त्यानं ते केलं आणि मग डबा ठेवून खाली बसला आणि रडला. अडतीस वर्षांचा माणूस. त्याआधी तो दाराची कडी धरली की दाराबरोबर जायचा. दुकानात गिऱ्हाइकाच्या केसांत बोटं अडकली की हा म्हणायचा, साहेब, डोकं फार तापलंय तुमचं, दाबून देतो. आणि बोटं सुटेपर्यंत दाबत राहायचा. लोकांना वाटायचं, काय मन लावून काम करतो. गोळीनंतर घरातल्या याद्या तो लिहायला लागला. पेन धरायचं आणि ठेवायचं, ही त्याला चैन वाटायची.

आणि आई. आईला आम्ही हट्टी म्हणायचो. तिच्या हातातलं काही पटकन सुटायचं नाही. पेला दे म्हटलं तर ती द्यायची, पण बोटं पेल्यावर तशीच, आणि बाबा चिडायचे, देतेस की नाही. पन्नाशीच्या आत तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाले, पापण्या उतरल्या, बोलणं जडावलं. सगळे म्हणायचे, आळशी झाली. एकावन्नाव्या वर्षी एका दुपारी ती मोरीपाशी पडली. मी धावत गेले. तिच्या हातात पेला होता. मी तो घ्यायला गेले आणि तो आला. एकदम आला, जरासुद्धा न अडता. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते, नाडी बघता येत नव्हती, आरसा नाकापुढे धरायचा हेही सुचलं नाही. पण पेला सुटला तेव्हाच मला कळलं की आई गेली. डॉक्टरांनी हृदयविकार लिहिलं. पुढे मी ईसीजीचं काम शिकायला गेले ते का, असं कुणी विचारलं तर मी म्हणायचे, नोकरी होती, घेतली. खरं कारण तो पेला होता.

सलून दहा मिनिटांच्या अंतरावर आहे. मी फोन लावला, लागला आणि वाजत राहिला. मालकाचा नियम आहे, कामाच्या वेळी फोन ड्रॉवरमध्ये. हे मला माहीत होतं, तरी प्रत्येक घंटेला मला वाटत होतं की हाक मारतेय आणि कुणी ओ देत नाही. मी चालत होते की पळत होते सांगता येणार नाही. रस्ता खणलेला होता, पाइप टाकत होते, फळ्यांवरून जावं लागत होतं. एका फळीवर समोरून एक बाई पोराला घेऊन आली, आम्ही दोघी थांबलो, कुणी मागे जायचं ते ठरेना, आणि मी तिच्यावर ओरडले. आयुष्यात मी अनोळखी माणसावर ओरडले नव्हते. ती मुकाट्यानं मागे गेली. मी हिशेब करत होते की सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस, दिवसातून दोन गोळ्या, चौऱ्याऐंशी गोळ्या मी कात्रीनं त्याच्या तोंडात घातल्या. मग आठवलं, दोन आठवड्यांपूर्वी तो म्हणाला होता, ताई, खुर्चीवरून उठलो की जरा अंधारी येते. आणि मी म्हटलं होतं, पाणी कमी पितोस. मी. जिच्या हातून रोज तीस हृदयं जातात ती. सलूनच्या काचेतून मला तो दिसला, उभा, पांढऱ्या कोटात, हातात वस्तरा. मी काचेला हात टेकला. काचेवर माझ्या पंजाचा ठसा उठला.

"ताई? बल्ब नाही मिळाला का?" डिंक्या म्हणाला. खुर्चीत एक जाडजूड गृहस्थ बसले होते, गालांना फेस, डोळे मिटलेले. मी डिंक्याचं डावं मनगट धरलं. "अगं, गिऱ्हाईक आहे." फेसातून ते गृहस्थ म्हणाले, "बघू द्या हो. वस्तरा तुमच्याच हातात आहे, नाडी ठीक असलेली मलाही बरी." मी एक मिनिट मोजलं, दोन मिनिटं मोजली. नाडी सरळ चालली होती. क्षणभर मला इतकं बरं वाटलं की तिथेच बसावं, त्याला दाढी करू द्यावी, बल्ब घेऊन घरी जावं. यादीचा तुकडा चुलीत घालावा की नाही इतकाच प्रश्न राहिला असता. मग मी तो तुकडा पिशवीतून काढून त्याच्यापुढे धरला, रेघेची बाजू वर करून. त्यानं वस्तरा पुसला, ठेवला, गृहस्थांच्या तोंडावर गरम टॉवेल घातला, आणि मला मागच्या खोलीत नेलं, जिथे पाण्याचा बंब आणि टॉवेलांचा ढीग असतो.

"हा तुझा आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे," तो म्हणाला.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. तो म्हणाला, "मला वाचता येत नाही ते, पण रिकामी जागा दिसते की. परवा यादी लिहायला घेतला तेव्हा दिसली. त्या दिवशी मी हसलो तिथली थरथर पण आहे बघ त्याच्यावर." मी म्हटलं, "मग बोलला का नाहीस?" तो टॉवेलांच्या घड्या घालत होता, भराभर, बोटं मिटत होती, उघडत होती. तो म्हणाला, "तू कापून टाकला होतास ना. म्हटलं, ताईनं कापला म्हणजे नको असलेला असणार. ताईला कळतं." त्यानं मला दोष दिला असता तर मी सहन केलं असतं. मी बंबाला टेकले, बंब गरम होता, पाठ भाजली तरी मी हलले नाही. "डिंक्या," मी म्हटलं, "तो मुद्दाम कापला. मला दिसलं होतं." त्यानं हातातली घडी पुरी केली. मग म्हणाला, "मंगळवारी मी इथे पडलो होतो. किती वेळ ते माहीत नाही. जाग आली तेव्हा खाली होतो, आणि टॉवेल बाजूला पडला होता." मी विचारलं, "हातातून सुटला?" तो म्हणाला, "सुटलाच म्हणायचा." त्याला आईच्या पेल्याचं माहीत नाही. मी त्याला कधी सांगितलं नाही.

मी म्हटलं, कोट काढ, बारा वाजता माझी पाळी सुरू होते, हृदयाच्या मॅडम दोनपर्यंत बसतात, आत्ता पट्टी काढायची. तो म्हणाला, आज शनिवार आहे, सात जणं नंबर लावून गेलेत. मी म्हटलं, सात जण दाढी वाढवून फिरतील, मरणार नाहीत. "आणि मॅडम काय करतील?" त्यानं विचारलं. त्याला माहीत होतं. "गोळी बंद करतील," मी म्हटलं. तेव्हा त्यानं हातातला टॉवेल खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं, लपंडावातल्या त्या नजरेनं. "ताई, मी एक महिना जरी असा राहिलो ना, तरी चालेल मला. तू चांगला तुकडा लाव. तुला येतं. आधी लावलास तसा लाव." त्याच्या आवाजात आर्जव नव्हतं, तो मला एक साधं काम सांगत होता, मीठ आण, दोरा आण, तसं. आणि हे मी कुणाला सांगितलं नाही, इथेच सांगते, की माझ्या मनात आलं, लावावा. इकडे आड, तिकडे विहीर. हात गेले तर हा जगून काय करेल, आणि हृदय थांबलं तर हात कुणाचे? गोळीआधीचं वर्षभर कामावरून आला की अंगात बळ नसलेल्या माणसासारखा भिंतीकडे तोंड करून पडायचा हा. मी रात्री उठून त्याच्या बोटांना तेल चोळायचे. मी स्वतःशी म्हटलं, बाई, तू एकदा त्याच्यासाठी ठरवलंस, त्याला न विचारता. आता तो स्वतः विचारतोय तर तू नाही कोण म्हणणार? बाहेर ते गृहस्थ टॉवेलाखालून म्हणाले, "अहो, गार झाला." डिंक्या बाहेर गेला. त्यानं ती दाढी पूर्ण केली. मी खुर्चीत बसून बघितली, प्रत्येक हात, प्रत्येक वळण, हनुवटीखालचा वस्तरा, आणि दर क्षणाला वाटत होतं, आता. गृहस्थ उठले, गाल चाचपले आणि म्हणाले, "हात आहे की लोणी." मग डिंक्यानं कोट काढून खुंटीला लावला.

ईसीजीच्या खोलीत खिडकी नाही, एक टेबल, एक पडदा, एक मशीन. तो नेहमीसारखा आडवा झाला, मी चिमटे लावले, मलम गार लागलं म्हणून तो शहारला. "बोलू नकोस," मी म्हटलं. दुसऱ्या लीडवर, म्हणजे ठोका सगळ्यांत स्वच्छ दिसतो त्या जोडणीवर, बटण ठेवलं आणि कागद सोडला. एरवी मी हातभर घेते. त्या दिवशी मी घेतच राहिले. कागद टेबलावरून खाली उतरला, जमिनीवर वळ्या पडल्या, माझ्या पायांवर चढला. टेकडी, सुळका, उतार. थरथर आली, गेली. मी ती कापली नाही. मनात मी कुणाची तरी विनवणी करत होते, कुणाची ते माहीत नाही, की सगळे सुळके येऊ देत, मग मी आयुष्यभर घाणेरड्या पट्ट्या देईन, डॉक्टरांच्या शिव्या खाईन. टेकडी, सुळका. टेकडी आणि सुळका यांच्यातलं अंतर वाढत चाललं होतं, दर ठोक्याला केसाएवढं. टेकडी. सरळ रेघ. टेकडी. सरळ रेघ. दोन हाका गेल्या. मशीनची सुई सरळ रेघ काढत होती आणि तिचा आवाज येत नव्हता. डिंक्याचे डोळे छताकडे होते, त्याची पापणी जड झाली, आणि मी त्याचं नाव घेतलं, खरं नाव, जे घरात कुणी घेत नाही. टेकडी, सुळका. "काय?" तो म्हणाला. "काही नाही," मी म्हटलं, "बोलू नकोस." त्यानं विचारलं, "कसं आहे?" मी मशीन बंद केलं. ट्रेमध्ये कात्री होती, वाकलेल्या टोकाची. तो कात्रीकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता, आणि मला वाटलं की मी एक शब्द बोलले तर कापेन. म्हणून मी बोलले नाही. कागद मशीनपाशी हातानं फाडला, वेडावाकडा फाटला, आणि पेननं त्यावर त्याचं नाव लिहिलं; सुरुवातीला लिहिलं, शेवटी लिहिलं, आणि त्या रिकाम्या जागेवर, बरोबर मधोमध, लिहिलं. आता तो कुणाचाही होऊ शकत नव्हता.

मॅडमनी तो लांब कागद टेबलावर उलगडला, मावेना तेव्हा अर्धा मांडीवर घेतला. "हे काय, बाई? तुमचा आणि असा?" त्या म्हणाल्या, आणि मग वाचता वाचता त्यांचं बोट रिकाम्या जागेवर थांबलं. त्यांनी जुनं कार्ड मागितलं. मी कार्ड दिलं, आणि त्याच्या शेजारी यादी ठेवली, अर्ध्या सुळक्याला अर्धा सुळका लावून. त्यांनी यादी उलटून बघितली. साबण, मीठ, काळा दोरा, बल्ब. "हे कुणी कापलं?" मी म्हटलं, "मी." आणखी काही विचारतील म्हणून उभी राहिले, त्या विचारणार आहेत हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं, पण त्यांनी आधी फोन उचलला आणि वरच्या मजल्यावर खाट मागितली, नजरेखालची, तारा लावून ठेवतात तसली. गोळी या क्षणापासून बंद. आज रात्रीत हृदयाला बाहेरून चालवणारी तार घालावी लागेल कदाचित, पुढे कायमचं छोटं मशीन बसवावं लागेल. मी विचारलं, "मशीन बसवल्यावर गोळी देता येईल?" त्या म्हणाल्या, "ते मज्जातंतूंचे डॉक्टर ठरवतील. मला शंका आहे. आधी माणूस राहू दे." डिंक्या दारात उभा राहून सगळं ऐकत होता. त्यानं वाद घातला नाही. नुसतं विचारलं, गोळीचा असर किती दिवस राहील. मॅडम म्हणाल्या, दोन दिवस, फार तर तीन.

त्याला चाकांच्या खुर्चीत बसवलं तेव्हा तो म्हणाला, एवढंही काही झालेलं नाही. कुणी ऐकलं नाही. लिफ्टपाशी मी त्याच्याबरोबर आत शिरायला लागले तर वॉर्डवाली म्हणाली, ताई, तुमची पाळी सुरू झाली, खोलीबाहेर रांग आहे, मी नेते यांना. मी म्हटलं, थांब जरा. मला त्याला सांगायचं होतं, खूप सांगायचं होतं, पण तोंडातून निघालं, "बल्ब आणलाय. वॅट काय आहे बघितलं नाही." तो हसला. मग त्यानं हात पुढे केला, आणि मी धरला. त्यानं तो घट्ट आवळला, गल्लीत सदरे धरायचा तितका घट्ट, आणि लगेच सोडला. बोटं एकदम उघडली, जरासुद्धा न अडता. "बघून ठेव," तो म्हणाला. आयुष्यभर मी त्याला सोड म्हणत आले. माझ्या तळव्यावर त्या मोरीपाशी मिळालेला पेला होता, त्याचा गारवा होता. मी म्हटलं, "सोडू नकोस रे. धरून ठेव."

"सोमवारी ये," डिंक्या म्हणाला. "सोमवारी धरला की सुटायचा नाही." आणि लिफ्टचं दार लागलं.